कापलेली ओळ

बऱ्हाणपूर
२१ जानेवारी २०२५

निरंजन,

मालूबाईची वाचा गेली आहे. दहा दिवसांपूर्वी सकाळी जसोंडीच्या बागेत केळीच्या बुंध्याजवळची पिलं काढताना ती बसल्या जागी कलंडली. उजवा हात, उजवा पाय हलत नाही. तिची सून कोकिळा हिनं दुसऱ्या दिवशी मला फोन केला. आज दवाखान्यातल्या शीतल सिस्टरनी दुजोरा दिला. बाईंना समजतं सगळं, बोलता येत नाही, असं त्या म्हणाल्या. वाचा परत येईल का, हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.

आता तुझ्याशी संबंध असलेली गोष्ट. १२ फेब्रुवारीला तुझ्या खटल्यात मालूबाईची साक्ष होती. तिच्या जागी मला बोलावलंय. काल शिपाई समन्स देऊन गेला. ठाण्यात दिलेला अर्ज तिच्या नावाचा असला तरी अक्षर माझं आहे. सरकारी वकील फोनवर म्हणाले, "पाँच मिनट का काम है, मैडम. अपने अक्षर पहचानिए और कह दीजिए कि जो उसने बोला वही लिखा."

तुला हे सगळं माहीत आहे. तरी क्रमानं लिहिते. मला एकदा ते क्रमानं लिहून बघायचंय.

२ मार्च २०१९. आपल्या जसोंडीच्या विहिरीवर तू आणि मोहित. मोहित आपला चुलतभाऊ, त्याची बाग आपल्या बांधाला लागून. आदल्या दिवशी पाण्याच्या पाळीवरून तुम्ही चारचौघांत भांडलात, तेव्हा गावाला ते ठाऊक होतं. दुपारी मोहित विहिरीत पडला. कंबर मोडली, डोक्याला मार लागला. त्याला त्या दिवसाचं आजही काही आठवत नाही. बघणारी एकटी मालूबाई, पंधरा हातांवर गवत काढत होती. संध्याकाळी ती माझ्या दारात आली. खेड्यातल्या बायका अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडेच येत. ती बोलली, मी लिहिलं, तिनं अंगठा दिला.

अर्जातलं वाक्य असं: "निरंजन ने मोहित को कुएँ में ढकेलने की चेष्टा की और वह गिर गया."

या वाक्यावर तू अकरा महिने आत होतास. शाळेची नोकरी गेली. आपलं बोलणं गेलं.

मालूबाई म्हणाली होती, "निरूभाऊनं ढकलाची चेष्टा केली." मी त्या दिवशी सकाळपासून हिंदीत होते. चार बातम्या हिंदीत पाठवल्या होत्या. चेष्टा हा शब्द कानावर आला तो हिंदीच्या कानानं, आणि तसाच कागदावर उतरला. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी तिला वाचून दाखवलं तेव्हा तिनं मान हलवली, "हाव, असंच झालं." तिनं तिचा शब्द ऐकला. पोलिसांनी त्यांचा वाचला. तू ठाण्यात म्हणत राहिलास, "मज़ाक था साहब." कागद म्हणत राहिला, चेष्टा. तुम्ही दोघं एकच सांगत होतात.

हे माझ्या लक्षात या आठवड्यात आलं. समन्स हातात घेऊन अर्जाची नक्कल वाचत बसले होते.

पत्र वाचलंस तर कळव. तुझ्या अरविंद वकिलांमार्फत कळवलंस तरी चालेल.

प्रतिभा


बऱ्हाणपूर
२७ जानेवारी २०२५

निरंजन,

पत्र शुक्रवारी तुझ्याकडे नंदुरबारला पोचलं. उषानं सांगितलं. तू पाकीट उघडलं नाहीस, टेबलाच्या खणात टाकलंस, हेही तिनंच सांगितलं. "वन्सं, तुम्ही लिहीत राहा, पण माझं नाव घेऊ नका," असं म्हणाली. मी घेतलं. माफ कर तिला.

न उघडणाऱ्या माणसाला का लिहायचं, असं आज सकाळी मी स्वतःला विचारलं. वर्तमानपत्रात असा प्रश्न पडत नाही. तिथं साडेचारला फोन येतो, "दीदी, चार सौ शब्द," आणि हात चालायला लागतो. पण त्याआधीपासून मी लिहितेच आहे.

आपल्या प्रतापपुऱ्यातल्या घरासमोर राहणाऱ्या आशाबाई आठवतात? तू पाच वर्षांचा असशील. त्या मला दर महिन्याला बोलवायच्या, रावेरला भावाला पत्र लिहायला. मी दहाची. त्या बोलायच्या, "लिही, मी बरी हाये." मी लिहायची, "आम्ही येथे कुशल आहोत." त्या म्हणायच्या, "लिही, सासू लय तोंड सोडते, काल जेवले नाई." मी ते गाळायची. चांगल्या पत्रात असं नसतं, असं मला वाटायचं. मग मी वाचून दाखवायची आणि आशाबाई पदरानं डोळे पुसून म्हणायच्या, "केवढं झ्याक लिहिलं गं पोरीनं!" भाऊ कधी आला नाही. बहीण कुशल आहे म्हटल्यावर तो कशाला येईल?

त्या कौतुकाची चव लागली ती लागलीच. बोलणारा माणूस माझ्या हाताकडे बघत बसतो. ते बघणं सोडवत नाही. म्हणून लिहिते, असं आजचं उत्तर.

काल मोहित आला होता. काठी टेकत जिना चढला, मी खाली येते म्हटलं तरी ऐकलं नाही. पाणी घेतलं नाही.

"समन्स आला ना तुले?"

"आला."

"मंग? काय सांगशील?"

"विचारतील ते सांगेन."

"ताई, मला गोल गोल नको सांगू. पेपरात चालतं तुझं ते. जे लिहिलं, तेच सांगशील ना?"

मी म्हटलं, "मोहित, तुला स्वतःला काही आठवतं का?"

तो हसला. "आठवत असतं तर तुझा कागद कशाला लागला असता? मी सहा वर्षं तुझ्या कागदावर उभा आहे. कागदात लिहिलंय, निरूनं ढकललं."

"ढकललं असं नाही लिहिलेलं."

"ढकेलने की चेष्टा की. सेम टू सेम झालं ना!" मग आवाज उतरवून म्हणाला, "तू आता शब्द फिरवलास, तर मी कोण? स्वतःच्या पायानं विहिरीत पडलेला येडा? बायको, पोरं, गाव, सगळ्यांना काय सांगू? पाय घसरला?"

जाताना चौकटीला धरून उभा राहिला. "तू सच्ची बाई आहेस. सख्ख्या भावाविरुद्ध लिहिलंस. सगळं बुरहानपूर तुझं नाव घेतं. ते नाव सांभाळ."

त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती. म्हणून जास्त भीती वाटली.

प्रतिभा


बऱ्हाणपूर
३ फेब्रुवारी २०२५

निरू,

आज दुपारी माझं पहिलं पत्र परत आलं. पाकिटावर पत्ता तुझ्या अक्षरात. आत नवं पत्र नाही, माझंच. "या आठवड्यात" या दोन शब्दांभोवती लाल गोल. समासात प्रश्नचिन्ह. बस.

म्हणजे तू वाचलंस. आणि तुला माहीत होतं.

चौथीच्या वह्या तपासायचास तसंच केलंस. चूक काय ते सांगायचं नाही, फक्त गोल करायचा, पोरानं शोधावी. ठीक आहे. शोधून लिहिते.

या आठवड्यात नाही. दोन वर्षांपूर्वी. मी मालूबाईकडे गेले होते, तिच्या पेन्शनचा अर्ज होता. अंगणात सिमेंटची टाकी आहे, तिच्या कठड्यावर तिचे दोन नातू बसले होते. मोठ्यानं धाकट्याला ढकलल्यासारखं केलं आणि दुसऱ्या हातानं त्याचं कोपर धरलं. धाकटा किंचाळला. मालूबाई तोंडाला पदर लावून हसली.

"पाह्य, पाह्य! तुह्या निरूभाऊवानी चेष्टा कराले लागला."

माझ्या हातात चहा होता. मी विचारलं, "काय म्हणालीस?"

"अशीच केली ना त्यानं त्या दिशी. ढकलाची चेष्टा. तुले सांगितलं व्हतं, तू लिवलं व्हतं ना."

"लिहिलं होतं."

"मंग त्याले या केसातून आजून का सोडत नाई वं? मी अंगठा देल्हा ना."

ती सहा वर्षं समजत होती की तिनं तुला वाचवणारा कागद दिलाय. कोर्टात एकदा तोंडानं सांगितलं की सुटशील, म्हणून तारखेची वाट बघत होती. अरविंद वकिलांचा भरही त्यावरच होता, हे मला आता कळतंय. हे तिनं उषालाही सांगितलं असणार. म्हणून तुझा लाल गोल.

मी चहा संपवला, पेन्शनचा अर्ज लिहिला, घरी आले आणि कुणाला काही बोलले नाही. साक्ष व्हायचीच आहे, ती सांगेल, मग आपोआप सुटेल, अशी मी माझी समजूत घातली. माझ्या तोंडून काही निघायला नको. दोन वर्षं तारीख पुढे जात राहिली. मग तिची वाचा गेली.

आणि दोन वर्षंही खरं नाही. तू जामिनावर सुटलास तेव्हा, फेब्रुवारी २०२० मध्ये, उषानं मला निरोप दिला होता, "ते म्हणतात, ताईला एक शब्द पुन्हा वाच म्हणावं." मी म्हटलं, अर्ज पोलिसांकडे आहे, वाचू कुठून? नक्कल माझ्या कपाटात होती.

तेव्हा का वाचला नाही, ते सांगते. ८ मार्चला माझा सत्कार ठरला होता. महिला दिन, शाल, श्रीफळ, "निर्भीक पत्रकार." निवेदिका माइकवर म्हणाली, "जिस कलम ने सगे भाई को भी नहीं बख्शा." लोक उभे राहिले. तू सुटून महिनाही झाला नव्हता. मी हात जोडून उभी होते आणि मला आवडत होतं, निरू. हे मी आजवर कुणाकडे कबूल केलेलं नाही. मला फार आवडत होतं.

दवाखान्यात मालूबाईला अजून कुणाला भेटू देत नाहीत. शुक्रवारी देतील असं शीतल सिस्टर म्हणाल्या. सरकारी वकिलांचा मुन्शी आणि एक हवालदारही त्याच दिवशी येणार आहेत, ती इशाऱ्यानं काही सांगते का बघायला. मी जाणार आहे.

ताई


बऱ्हाणपूर
७ फेब्रुवारी २०२५

निरू,

आज अकरा वाजता गेले. कोकिळा उशाशी होती. मुन्शी, हवालदार आणि मी. मालूबाईनं मला ओळखलं. तोंड एका बाजूला ओढलंय, तरी हसली.

मुन्शीनं मोठ्या आवाजात विचारलं, जणू वाचा नाही तर कान गेलेत. "अम्मा! कुएँ पर उस दिन क्या हुआ था? निरंजन ने क्या किया? इशारे से बताओ!"

कोकिळा म्हणाली, "साहब, हळू बोला, त्या बहिऱ्या नाहीत."

मालूबाईनं मला डाव्या हातानं जवळ बोलावलं. मी पलंगाला टेकून वाकले. तिनं तो डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि ढकललं. जोरात. आजारी बाईच्या अंगात इतका जोर कुठून आला कोण जाणे. मी मागे गेले, कोकिळानं मला सावरलं.

हवालदार म्हणाला, "लो, हो गया. साफ धक्का."

मुन्शीनं लिहून घेतलं: गवाह ने इशारे से धक्का देना बताया.

मालूबाईनं मान हलवायला सुरुवात केली. नाही, नाही. घशातून नुसता आवाज येत होता. तिनं मला पुन्हा बोलावलं. पुन्हा ढकललं. आणि तेव्हा माझी नजर चादरीवर गेली. तिचा उजवा हात. बोटं थरथरत होती. अंगठा आणि तर्जनी जवळ आणायचा ती प्रयत्न करत होती, काहीतरी पकडायला. ते जमत नव्हतं.

ती पूर्ण गोष्ट सांगत होती. एका हातानं ढकलायचं, दुसऱ्यानं कोपर धरायचं. तिच्याकडे ढकलणारा हात शिल्लक आहे. धरणारा गेला.

मी मुन्शीला म्हटलं, "तिचा दुसरा हात बघा."

"कौन सा? वो तो बेकार है ना, मैडम."

"तेच सांगतेय. तिला त्यानं धरायचंय. ती सांगतेय की निरंजननं त्याला धरलं होतं."

मुन्शीनं पेनाला टोपण लावलं. "ये आपका अंदाज़ा है. अंदाज़ा मैं नहीं लिख सकता. आप तो खुद लिखने वाली हैं, आप तो समझती हैं."

हो, मी समजते. अंदाज लिहू नये, दिसलं ते लिहावं. हे मी स्वतः नव्या पोरींना शिकवते.

जिन्यात त्यानं मला गाठलं. सगळं बऱ्हाणपूर ओळखतं तसा तोही मला ओळखतो, वाईट माणूस नाही. म्हणाला, "मैडम, एक बात. आपके हाथ के अर्ज़ और भी केसों में लगे हैं. धूलकोट वाली पूजा का तो इसी महीने है. आप एक जगह बोलेंगी कि मैंने शब्द गलत लिखा, तो सामने वाला वकील हर जगह पूछेगा. सोच लीजिए."

पूजाच्या नवऱ्यानं तिचा हात मोडला. खरोखर मोडला, मी पट्टी बघितलीय. तिचा अर्जही मीच लिहिला. निरू, तू निर्दोष आहेस म्हणून मी खरं बोलायचं, आणि त्यामुळे तो माणूस सुटायचा?

लहानपणी राजघाटावर तू मला असंच करायचास. पाठीत हात, "पडली, पडली!" आणि दुसऱ्या हातात माझं कोपर आधीच धरलेलं. मी दर वेळी किंचाळायची. तुझा धरणारा हात मी जन्मभर अंगावर अनुभवलाय, आणि ज्या संध्याकाळी त्याबद्दल लिहायची वेळ आली, तेव्हा माझ्या लक्षात फक्त दुसरा हात राहिला.

ताई


बऱ्हाणपूर
११ फेब्रुवारी २०२५

निरू,

हे पत्र टपालानं वेळेत पोचणार नाही. उद्या सकाळी तू बऱ्हाणपुरात असशील. तरी लिहिते, उषाच्या हाती देईन.

आतापर्यंत मी तुला शब्दाबद्दल लिहिलं. शब्दाची चूक कुणाचीही होऊ शकते, आपल्याकडे तर रोज होते. लोक हसतील, हळहळतील, मला माफ करतील. म्हणून मी त्या शब्दाच्या आड चार पत्रं बसून राहिले. तुला माहीत नसलेली गोष्ट त्याच्या मागे आहे.

त्या संध्याकाळी अर्जाआधी मी कच्चं वहीत उतरवलं होतं. मराठीत, ती बोलली तसं. माझी पद्धतच ती आहे. पोलिसांनी नंतर विचारलं, "कच्चा कुछ रखा है क्या?" मी म्हटलं, नाही, मी ठेवत नाही. वही माझ्याकडे आहे. हे तिचं पान, जसंच्या तसं:

"निरूभाऊनं ढकलाची चेष्टा केली. दोघं हसले. मंग निरूभाऊ मोटारीकडे गेला. म्या त्याले बिडी पेटवताना पाह्यलं. मंग मोहितभाऊ दोर पाहाले वाकला अन् गेला खाली."

दुसऱ्या वाक्यापासून मी पेनानं आडवी रेघ मारली आहे. समासात माझ्या अक्षरात लिहिलंय: अनावश्यक.

निरू, बिडी अनावश्यक आहे असं मला वाटलं. पाण्याची मोटार अनावश्यक. बातमीत पहिलं काय, तर ढकलणं, पडणं. मधलं कापायचं. तीस वर्षं हेच केलं आणि लोकांनी वाहवा केली. पण खरं सांगायचं तर नुसती सवय नव्हती. "दोघं हसले" हेही मी कापलं. ते दोन शब्द ठेवले असते तर चेष्टा हिंदीत वाचताच आली नसती. आणि साधा "कोशिश" लिहिला असता तर मालूबाईनं जागच्या जागी अडवलं असतं. मला भारी शब्द हवा होता.

विहिरीच्या घटनेआधी आठ दिवस, जेवताना, तू माझी चेष्टा केली होतीस. मी कात्रणांची फाइल दाखवत होते. तू म्हणालास, "ताई, तू का लिहितेस माहितीये का? कागद उलट बोलत नाही म्हणून." सगळे हसले. मीही हसले. ते वाक्य त्या संध्याकाळी माझ्या हातात होतं का? मी सहा वर्षं नाही म्हणतेय. आज मला शपथेवर नाही म्हणता येणार नाही.

काल धूलकोटला गेले. पूजाला सगळं सांगितलं. तिचा उद्योग चालूच होता, ज्वारी निवडत होती, वर न बघता ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे दीदी, माझं पण काही कापलं का?"

मी तिची वही सोबत नेली होती. पूर्ण वाचून दाखवली, कापलेल्या ओळींसकट. तीन ओळी होत्या. एका ओळीत तिची सासू मध्ये पडली होती, तिनं पूजाला आत ओढून दार लावलं होतं. मी ती काढली होती. सासू चांगली निघाली की तक्रार सैल पडते, असं मला वाटलं असावं.

पूजा थांबली. "ही तर माझी साक्षीदार झाली असती ना."

"हो."

"आन मी तीन वर्षं तिच्याशी बोलत नाहीये. कागदात तिचं नाव नाही, म्हणून मलाही वाटायला लागलं, की तिनं काहीच नाही केलं." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "जा दीदी, उद्या सांगून टाका. माझ्या वकिलाला मी सांगते. वही मात्र इथं ठेवून जा. यावेळी मी स्वतः वाचीन, अडली तरी."

वही तिला देऊन आले. तुझी माझ्या पिशवीत आहे.

मोहितलाही फोन केला. पूर्ण पान वाचून दाखवलं. शेवटची ओळ त्यानं पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाला, "दोर पाहायला वाकलो व्हतो?" मी म्हटलं, तिनं तसं सांगितलं. "कुठला दोर?" मोटारीचा असेल. "दोघं हसलो व्हतो?" हो. त्यानं फोन ठेवला. उद्या तो काय करेल, मला ठाऊक नाही.

सरकारी वकिलांना अजून कळवलेलं नाही. अरविंद वकिलांनाही नाही. आधी सांगितलं तर दोघं मला कसं बोलायचं ते शिकवतील. मला यावेळी कुणी सुधारलेलं नको.

संपादकांना कळवलं. ते म्हणाले, "दीदी, कुछ दिन आराम कर लीजिए." म्हणजे काय ते मला कळतं. आज साडेचारला फोन आला नाही. मी फोनसमोर बसले होते, आणि मग हे पत्र सुरू केलं. म्हणजे लिहिणं काही सुटणार नाही. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालंय. तू म्हणालास ते खरं होतं, कागद उलट बोलत नाही म्हणूनच मी लिहीत आले. आणि मग एक दिवस टपालानं माझाच कागद लाल गोल घेऊन परत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो उलट बोलला. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. त्यानंतरची तिन्ही पत्रं मी तू खोडशील म्हणून लिहिली.

उद्याचं असं आहे. उषा म्हणते, भुसावळला गाडी बदलून तू साडेनऊला स्टेशनवर उतरशील. कोर्ट अकराला बसेल. नेहमीप्रमाणे तू भिंतीकडे तोंड करून बाकावर बसशील. पुकारा झाला की मला अर्ज दाखवतील आणि विचारतील, अक्षर तुमचं का? मी हो म्हणेन. मग विचारतील, ती जे बोलली तेच लिहिलं का?

मी नाही म्हणेन. पिशवीतून वही काढेन. जजसाहेब बहुधा म्हणतील, मराठीत आहे, वाचून दाखवा. मी रेघेच्या खालचं वाचेन, मालूबाईच्या बोलीत, बिडीसकट. एखादा शब्द चुकले तर तू भिंतीकडून तोंड वळवून मला थांबवशील, असं मी धरून चालले आहे.

ताई